चित्रपट सुचवण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ८२ वर्षांचे एक काका रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात आले होते. गुडघ्यांमुळे त्यांचे फिरणे थांबले होते आणि बारीक अक्षर वाचताना डोळे लवकर थकत होते. “दुपार सरत नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. मुलीने घरात मोठा टीव्ही घेतला होता, इंटरनेटही होते. पण पाहावे काय, हेच त्यांना सुचत नव्हते. मी औषधांच्या चिठ्ठीच्या तळाशी ठळक अक्षरांत एक नाव लिहून दिले : ‘सारांश’.

महेश भट्ट यांचा १९८४ सालचा हा चित्रपट मला अतिशय प्रिय आहे. वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी अनुपम खेर यांनी त्यात निवृत्त मुख्याध्यापक प्रधान उभे केले आणि त्यांच्या पत्नीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मुंबईतील वृद्ध मराठी दांपत्याची कथा काकांना जवळची वाटेल, एवढाच विचार मी केला होता.

चार दिवसांनी त्यांची मुलगी एकटीच आली. बाबांनी चित्रपट अर्ध्यावर बंद केला होता, आणि तेव्हापासून त्यांचे जेवण आणि झोप दोन्ही बिघडले होते. त्या चित्रपटातील प्रधानांचा एकुलता एक मुलगा परदेशात मारला जातो. काकांचाही मुलगा बाविसाव्या वर्षी अपघातात गेला होता. काका मुलीकडे राहायला येऊन दोनच वर्षे झाली होती. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण मी ती कधी विचारलीच नव्हती. गोळी लिहिण्यापूर्वी ‘कशाची ॲलर्जी आहे का?’ असे न चुकता विचारणारा मी, चित्रपट लिहिताना मात्र गप्प राहिलो होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. काका शांतपणे म्हणाले, “चित्रपट चांगलाच आहे, डॉक्टर. पण आधी विचारायला हवं होतंत.”

तेव्हापासून मी आधी विचारतो. घरातील ज्येष्ठांसाठी जुना चित्रपट निवडताना आपणही हेच करावे, एवढ्यासाठी हा लेख.

आधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न वयाचा. माणसाच्या मनात साधारणतः दहा ते तीस या वयातील आठवणी सर्वांत ठळक राहतात. स्मृतिभ्रंशात नुकतेच घडलेले विसरले जाते, पण तारुण्यातील गाणी आणि चेहरे पुष्कळदा टिकून असतात. आज जे ऐंशीच्या आसपास आहेत, त्यांच्या ऐन उमेदीचा काळ म्हणजे १९६० ते १९७५. आपल्याला जो चित्रपट ‘जुना’ वाटतो, तो त्यांच्या दृष्टीने कदाचित नवा असेल.

दुसरा प्रश्न दुःखाचा. अलीकडे घरात कोणाचा मृत्यू झाला आहे का? कोणाला कर्करोगासारखा आजार आहे का? एखादी जुनी जखम आहे का? ‘आनंद’ (१९७१) हा हृषीकेश मुखर्जी यांचा सुंदर चित्रपट, पण त्याचा नायक कर्करोगाने जातो. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने (१९५३) राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले; परंतु शेवटी आईचा मृत्यू आहे. असे चित्रपट वर्ज्य नाहीत. रडून मन हलके होणारी माणसेही असतात. मात्र कथा आधी सांगावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

तिसरा प्रश्न आवडीचा. “पूर्वी थिएटरात कोणाबरोबर जात होता?” एवढे विचारले तरी उत्तरातून नावे आपोआप मिळतात.

कोणासाठी काय?

मन उदास असेल, पण कथानक नीट समजत असेल, तर ‘गोलमाल’ (१९७९) लावावा. अमोल पालेकर यांच्या मिशीचा घोळ आणि उत्पल दत्त यांचा संताप कितीही वेळा पाहिला तरी हसू येते. ‘छोटी सी बात’मध्ये (१९७६) बुजऱ्या तरुणाला शहाणे करणारे निवृत्त कर्नल अशोककुमार ज्येष्ठांना विशेष आवडतात. बासू चटर्जी यांचाच ‘खट्टा मीठा’ (१९७८) उतारवयात पुन्हा संसार मांडणाऱ्या विधुर आणि विधवेची गोष्ट हलक्या हाताने सांगतो. एकट्या पडलेल्या आईवडिलांसोबत तो मुलांनीही पाहावा.

कथानक लक्षात राहत नसेल, तर गाण्यांचा चित्रपट निवडावा. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हा त्यासाठी उत्तम. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांमुळे प्रत्येक गाणे स्वतंत्रपणेही पाहता येते. श्रद्धाळू मनाला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) शांतता देतो. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहताना हात जोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

नातवंडांसह सर्व पिढ्यांना एकत्र बसायचे असेल, तर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). त्यातील संवाद घरातल्या कोणाला ना कोणाला पाठ असतातच.

यांपैकी बरेच चित्रपट ओटीटीवर किंवा यूट्यूबवर सापडतात. एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती दिसल्या, तर आवाज स्पष्ट असलेली प्रत आधीच शोधून ठेवावी.

ऐकू येते, पण समजत नाही

ही तक्रार मी रोज ऐकतो. वयानुसार बारीक, उंच पट्टीतील ध्वनी आधी कमी ऐकू येऊ लागतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात आणि शब्द अर्धवट कानी पडतो. अशा वेळी आवाज वाढवला, तर गोंगाट वाढतो. शब्द स्पष्ट होतीलच असे नाही. टीव्हीच्या जवळ बसवावे, मिक्सर आणि शक्य असल्यास पंखा बंद ठेवावा, श्रवणयंत्र असेल तर लावावे, उपशीर्षके असतील तर ती सुरू करावीत. कानात मळ साठला आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मध्यंतर हवेच

पूर्वी थिएटरात मध्यंतर होत असे. घरी तो आपणच करावा, आणि एक नव्हे, दर अर्ध्या तासाला. सलग बसल्याने पावलांवर सूज येते, सांधे आखडतात. उठण्यापूर्वी पावले वर-खाली हलवावीत, मिनिटभर ताठ बसावे आणि मग आधार घेऊन उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. खोलीत पूर्ण अंधार करू नये; वायरी आणि पायपुसणी वाटेतून दूर करावीत.

चित्रपटाच्या नादात मधुमेहींची जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ चुकू देऊ नये. फरसाणातील मीठ हृदयविकार आणि रक्तदाब असलेल्यांना बाधते. त्याऐवजी साध्या, मीठ न घातलेल्या लाह्या द्याव्यात.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना दिवस मावळताना गोंधळल्यासारखे होते, म्हणून त्यांच्यासाठी दुपारची वेळ बरी. मारामारीची दृश्ये त्यांना खरी वाटू शकतात, पडद्यावरची माणसे घरात शिरली आहेत असा भासही होतो. अशा वेळी वाद घालू नये. टीव्ही बंद करावा, दिवा लावावा, हात हातात घ्यावा.

सोबत बसण्याविषयी

चित्रपट लावून देऊन निघून जाणे सोपे असते. सेवा करणाऱ्यालाही विश्रांती हवी असते, त्यात अपराध नाही. मी असे सुचवतो : नवा चित्रपट पहिल्यांदा एकत्र पाहावा, तो मानवला, तर दुसऱ्यांदा लावून आपण शेजारच्या खोलीत पाठ टेकावी. ओळखीचा चित्रपट कितीही वेळा चालतो.

सोबत बसल्यावर परीक्षा घेऊ नये. “हा नट कोण, सांगा बघू?” या प्रश्नाचे उत्तर आले नाही, की माणूस खजील होतो. त्याऐवजी “हिची साडी किती छान आहे, नाही?” असे म्हणावे. सांगण्यासारखे असेल, तर त्या स्वतःच सांगतील.

या निमित्ताने प्रकृतीही कळते. आवडीचा चित्रपट दोन आठवडे नकोसा झाला आणि त्याबरोबर झोप, भूक कमी झाली, तर ते नैराश्य असू शकते. कालपर्यंत कथा समजणारी व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक गोंधळली, तर तो म्हातारपणाचा दोष समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे किंवा एखादे नवे औषध हेही कारण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवावे.

काका आता बरे आहेत. त्यांच्या मुलाविषयी आम्ही दोघे कधीकधी बोलतो. गेल्या महिन्यात रक्तदाब पाहून झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिले होते : ‘छोटी सी बात’. “तुमच्यासाठी,” ते म्हणाले, “पण आधी सांगा, तुम्हाला वेळ आहे ना?”