फुरसतीचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या २०२४ मधील अहवालानुसार २०२२ साली भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया व ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. याचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे. परंतु २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर अशा पुरुषांची ९७ मिनिटे जात असल्याचे आढळले. चूल-मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला मोकळ्या हवेत चालण्यास उसंत कोठून मिळणार? उलट, बांधकामावर दिवसभर विटा वाहणाऱ्या मजुराला हवी असते विश्रांती. आठ तासांचा दिवस, पाळणाघरे, मैदाने व निर्धोक पदपथ यांसाठी कामगार व महिला संघटनांनी एकजुटीने लढा दिला पाहिजे.