घेण्याआधी विकण्याचे बोला

उन्हाळा जवळ आला की आपल्यातल्या रायडिंग स्कूलच्या प्रशिक्षकांना, अश्ववैद्यांना आणि पागा सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास येतो. मंगोलियात जायचे, दोन-तीन घोडे विकत घ्यायचे, वाटाड्या न घेता गवताळ मुलखात महिना-दीड महिना फिरायचे आणि परतताना घोडे विकून टाकायचे. हे जमेल का? विचारणारे स्वार हौशी असले तरी कच्चे नसतात. एंड्युरन्सच्या शर्यती धावलेले असतात, सह्याद्रीत घोड्यावरून भटकलेले असतात. त्यांना किंमत हवी असते, बाजाराचा पत्ता हवा असतो, कोणती जात चांगली ते हवे असते. आपणही उत्साहाच्या भरात तेवढ्याचीच उत्तरे देतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे आणि तो आपण विचारायला हवा: सप्टेंबरात हा घोडा कोणाकडे जाणार? याचे उत्तर नावानिशी मिळत नाही तोवर विसार देऊ नका, असे आपल्या विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

परदेशात घोडा बाळगणे आपल्या क्षेत्राला नवे नाही. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या चमूचे घोडे युरोपातले होते. मुंबईच्या हृदय छेडासह चौघाही स्वारांनी तयारी तिकडेच केली, कारण अश्वरोगांच्या नियमांमुळे इथला घोडा बाहेर स्पर्धेला नेणे अतिशय अवघड होते. पण ती खरेदी वेगळी. तिथे एक्स-रे असतो, पशुवैद्याचा अहवाल असतो, घोड्याचा पासपोर्ट आणि चिप असते. मंगोलियातल्या गेरसमोर, म्हणजे मेंढपाळाच्या गोल तंबूसमोर, यातले काहीही नसते. तिथे अश्ववैद्यही तुम्हीच, दलालही तुम्हीच. म्हणूनच जाणाऱ्याला तयार करण्याची जबाबदारी या मासिकाच्या वाचकांवर येते.

आधी हंगाम. मंगोलियात माणसांपेक्षा घोडे जास्त आहेत, तेव्हा मिळायला काय अडचण, असे वाटते. अडचण असते. उणे चाळीसपर्यंत उतरणाऱ्या थंडीत घोडे उघड्यावर चरून जगतात. वसंतात त्यांच्या बरगड्या मोजता येतात. जूनमध्ये गवत हिरवे होते आणि अंग भरायला आणखी काही आठवडे जातात. एप्रिल-मे ही आपली सुट्टी असते, त्यांच्या घोड्यांचा तो सर्वांत वाईट काळ असतो. जूनच्या अखेरीआधी तिथला घोडा लांबच्या प्रवासाला घेऊच नये. ११ ते १३ जुलैला नादाम हा तिथला राष्ट्रीय उत्सव असतो, त्याच्या आगेमागे शर्यतीच्या घोड्यांपलीकडे कोणाला काही सुचत नाही. उरतात जुलैचा उत्तरार्ध, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला भाग. शाळा-कॉलेजच्या वेळापत्रकात हे बसत नसेल तर बेत पुढच्या वर्षावर ढकलावा.

विकणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी. २०२३-२४ च्या झुदमध्ये, म्हणजे तिथल्या जीवघेण्या हिवाळ्यात, सत्तर लाखांहून अधिक जनावरे दगावली. अशा घरात उरलेला शहाणा, वयाने पिकलेला अख्ता घोडा म्हणजे घरातला कर्ता गडी. तो अनोळखी माणसाला सहज कोण देईल? दिला जातो तो बहुधा न दिला तरी चालणारा घोडा: फार तरुण, फार म्हातारा, लाथा मारणारा किंवा कधीकाळी पळून गेलेला. यात फसवणूक आहे असे समजू नये. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेतही पागेतला सर्वांत गुणी घोडा पहिल्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकासमोर उभा राहत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की राजधानीत उतरून दुसऱ्या दिवशी बाजार गाठू नये. ज्या सुममध्ये, म्हणजे तालुक्यात, फिरायचे तिथे आधी आठवडाभर भाड्याच्या घोड्यावर राहावे, दुभाषा सोबत ठेवावा, घराघरांत बसावे. कोणाकडे कसे घोडे आहेत ते मग आपोआप कळते.

आता पाहणी. सारंगखेड्याला आपण उंची पाहतो, कानांची टोके जुळतात का पाहतो, भोवरे पाहतो, रवाल चाल पाहतो. ही नजर तिथे बरीचशी बाजूला ठेवावी लागते. मंगोल घोडा बारा ते चौदा हात उंचीचा, म्हणजे साधारण १२२ ते १४२ सेंटीमीटर. मारवाडीवर वाढलेल्या डोळ्याला तो तट्टूच वाटतो. डोके जड, मान आखूड. नाव नसते, रंगाने ओळखला जातो. ज्यांची आयाळ कातरलेली असते ते बहुतेक खच्ची केलेले, कामाचे घोडे. आपल्याला हवे ते यांतलेच. वळू नको आणि घोडीही नको. उन्हाळ्यात घोड्या आइरागसाठी, म्हणजे आंबवलेल्या दुधासाठी, दुभत्या असतात, त्यांना खोगिराखाली घेत नाहीत.

वय दातांवरून ठरवा, सांगण्यावरून नको. पाच वर्षांच्या आतला घोडा कितीही देखणा असला तरी प्रवासाला नको. वरच्या कोपऱ्याच्या दातावरची गॅल्व्हेनची रेघ हिरडीजवळ साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्यावर येते. रेघ नुकती उगवलेली असेल तर तो घोडा आमच्या पसंतीचा.

मग पाठ. खोगीर पूर्ण उतरवून घ्या, खालचे नमद्याचे कापडही काढायला लावा. विदर्सवर आणि तंगाच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असले तर तिथे पूर्वी जखम होऊन गेली आहे. जुनी, कोरडी, केस उगवलेली खूण असायला हरकत नाही. तिथल्या बहुतेक कामाच्या घोड्यांच्या अंगावर ती सापडते. पण बोटांच्या टोकांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी दाबत जा. पाठ खाली वाकवून घोडा सरकला, तर तिथेच थांबा. ही पाठ रोज आठ तास खोगीर सोसणार नाही.

स्वारी आधी मालकाला करू द्या. तो चढताना घोडा उभा राहतो का, दुडकीत डोके खालीवर होते का, हे जमिनीवरून नीट दिसते. नंतर तुम्ही चढा, अर्थातच डावीकडून. तिथे उजवीकडून घोड्याजवळ कोणी जात नाही आणि अडचण नेमकी इथेच आहे, कारण ओझ्याच्या घोड्यावर उजव्या बाजूची पिशवी उजवीकडूनच बांधावी लागते. तेव्हा मालकाच्या देखत उजवीकडे जाऊन पाहा. रिकामी पिशवी लटकवून पाहा. प्लास्टिकचा रेनकोट उघडून झटका; स्टेपीवरच्या वाऱ्यात तो रोज फडफडणार आहे. पायबंद घालू देतो का पाहा. तिथला पायबंद तीन पायांचा असतो, पुढचे दोन आणि मागचा एक, आणि त्याची सवय नसलेला घोडा पहिल्या रात्रीच स्वतःला इजा करून घेतो. आपल्या आगाडी-पिछाडीवर वाढलेल्या मोतद्दाराला हे लगेच समजेल. शहरी क्लबात शिकलेल्या स्वाराला मात्र ते हाताला धरून शिकवायला हवे.

वजनाचे गणित सहसा कोणी करत नाही, म्हणून ते इथे मांडतो. सोबत मोजपट्टी न्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून नितंबाच्या टोकापर्यंतची लांबी, सगळे सेंटीमीटरमध्ये, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येते. घेर १५५ आणि लांबी १३५ असेल तर घोडा सुमारे २७३ किलोचा. वजनाच्या पाचव्या भागाचा आपला ठोकताळा लावला तर त्याच्या पाठीवर ५५ किलोच बसते. पंचाहत्तर किलोचा स्वार आणि बारा किलोचे खोगीर धरले तर आपण जवळजवळ एक तृतीयांशावर गेलो. मंगोल घोडे याहून जास्त ओझे वाहतात हे खरे, पण आपण त्यांच्याकडून ते रोज, आठवडे न् आठवडे मागणार आहोत. २००९ पासून होणाऱ्या मंगोल डर्बीचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. त्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत स्वाराच्या वजनाला ८५ किलोची मर्यादा आहे आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर घोडा बदलतो. जुन्या मंगोल डाकेच्या पद्धतीवर ती उभी आहे. स्वतःच्या घोड्यावर फिरणाऱ्याला बदली घोडा मिळत नाही. त्याने दिवसाला २५ ते ३० किलोमीटर धरावेत, चार-पाच दिवसांनी एक दिवस विसावा द्यावा, आणि चढ-उतारावर स्वतः पायी चालावे. सत्तर किलोच्या पुढच्या स्वारांनी बसायचे दोन घोडे घेऊन आलटूनपालटून वापरावेत.

विसाव्याचे कारण थकवा एवढेच नाही, पोट हे त्याहून मोठे कारण आहे. तिथे दाणा नसतो. मोकळा घोडा दिवसाचे बारा-चौदा तास चरतो. आपण आठ तास चाललो आणि चोरीच्या भीतीने रात्रभर आखूड दोरीला बांधले, तर तो खाणार कधी? अंग उतरले की खोगीर सैल बसते, सैल खोगीर घासते आणि पाठ जाते. उतरंड अशीच असते.

चोरीची भीती खोटीही नाही. ऑस्ट्रेलियाचा टिम कोप २००४ साली मंगोलियातून हंगेरीकडे घोड्यावर निघाला. सुरुवातीच्या काही दिवसांतच त्याचे घोडे रात्री चोरीला गेले. ते परत मिळाले, आणि सुमारे दहा हजार किलोमीटरचा प्रवास त्याने २००७ मध्ये पूर्ण केला, शेवटी कझाकस्तानात घेतलेल्या घोड्यांवर. चोर नसला तरी घोडा स्वतःच निघून जातो. आपल्या कुरणाकडे तोंड करून तो शेकडो किलोमीटर परत गेल्याच्या गोष्टी तिथे घरोघरी ऐकायला मिळतात. पहिले आठ-दहा दिवस हा धोका सर्वांत जास्त. यावर उपाय माणसांचाच: मुक्काम एखाद्या गेरच्या नजरेच्या टप्प्यात टाकायचा, आधी जाऊन विचारायचे, चहा घ्यायचा, घोडे दाखवायचे.

कागदाबद्दल थोडक्यात. पावती लिहून घ्या. तिच्यावर रंग, वय, डागाच्या खुणेचे चित्र, विकणाऱ्याचे नाव आणि सुमच्या कचेरीचा शिक्का असू द्या, सोबत तिथल्या पशुवैद्याचा दाखला घ्या. दुसऱ्या मुलखात अनोळखी डागाचा घोडा घेऊन फिरणाऱ्याला ‘हा कुठून आणला’ असे विचारले जाणारच.

आता मूळ मुद्दा. घोडे परत विकायचे म्हणून बहुतेक जण प्रवास संपेल तिथे, परतीच्या विमानाला चार दिवस राहिले असताना गिऱ्हाईक शोधू लागतात. समोरच्याला तुमची तारीख माहीत असते, त्यामुळे भाव पडतो. पण पैशाचे दुःख आम्हाला फारसे वाटत नाही. वाटते ते घोड्याचे. शरद संपता संपता मंगोलियात हिवाळ्याच्या मांसासाठी जनावरे कापली जातात आणि त्यांत घोडेही असतात. त्या लोकांच्या जगण्याचा तो भाग आहे, त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र परक्या डागाचा, पाठ सोललेला, अंग उतरलेला घोडा त्या वेळी घाईने विकला, तर तो कळपात राहण्याची शक्यता कमी असते. महिनाभर आपल्याला वाहून नेणाऱ्या जनावराला या अवस्थेत सोडणे स्वाराच्या धर्माला धरून नाही, असे आमचे ठाम मत आहे.

घोड्यावरच्या प्रवासांत ज्याचे नाव आदराने घेतले जाते त्या एमे चिफेलीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. अर्जेंटिनात शिक्षकी करणारा हा स्विस माणूस १९२५ मध्ये मांचा आणि गातो हे दोन क्रिओयो घोडे घेऊन ब्वेनोस आइरेसहून उत्तरेला निघाला आणि १९२८ मध्ये अमेरिकेत पोहोचला. निघताना दोन्ही घोडे पंधरा-सोळा वर्षांचे होते. ते त्याला एमिलियो सोलानेत या क्रिओयोंच्या पैदासकाराने दिले होते. प्रवास संपल्यावर चिफेलीने ते तिकडे विकले नाहीत, बोटीने परत नेले. सोलानेतच्या एल कार्दाल या मळ्यावर ते पुढे कित्येक वर्षे जगले. गातो १९४४ मध्ये गेला, मांचा १९४७ मध्ये. बोटीने परत नेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. पण ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच परत जाईल अशी तजवीज कोणालाही करता येते.

ती तजवीज अशी. प्रवास सरळ रेषेत न आखता गोल आखा, जिथून घोडे घेतले तिथेच संपेल असा. घेतानाच पूर्ण आणि रास्त किंमत द्या, आणि परतीला तोच मालक काय भावाने परत घेईल हे दुभाष्यासमोर, दोघांच्या सहीने लिहून ठेवा. निम्म्या किमतीलाही तो तयार झाला तर सौदा चांगला समजा. उरलेली निम्मी रक्कम म्हणजे भाडेच. हा हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. तीन आठवड्यांहून कमी प्रवासासाठी विकत घेण्यात काहीच अर्थ नाही. मालकासह घोडे भाड्याने घ्यावेत. स्वतंत्र फिरण्याची हौस आम्हाला कळते आणि ती आम्हाला प्रियही आहे, पण तीन आठवड्यांपैकी एक आठवडा घोडा निवडण्यात आणि एक त्याला ओळखण्यात जाणार असेल तर हौस भागत नाही आणि घोडा मात्र झिजतो.

आपल्या क्लबांना आणि स्कूलांना आमची विनंती आहे. असा बेत घेऊन कोणी आले तर त्याला आधी इथे तयार करा: खाली उतरवलेल्या ओझ्याचे दोन्ही बाजूंचे वजन समान करणे, तंगाची जखम धुणे, नाल सैल झाला तर काढणे, नालबंद नसताना खूर कानशीने घासणे. निघण्यापूर्वी त्याच्याकडून परतीच्या मालकाबद्दल लेखी उत्तर मागा. आणि घोडा परत देण्याची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापुढे जाऊ देऊ नका. गवत पिवळे पडले तरी त्यात तेव्हा अजून कस असतो. पाठ उघडी ठेवून, नाल काढून आणि कुठे काय दुखले ते मालकाला दाखवून कळपात सोडलेल्या घोड्याला बर्फ पडण्याआधी गेलेले अंग भरून काढायला तेवढे दिवस लागतात.