वंशावळ आणि तहसीलचे दप्तर

राजघराण्यांचा इतिहास बखरींत सापडतो. सामान्य कुळाचा इतिहास तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतो. पेण वा रोहे येथे पणजोबांचा माग काढू पाहणाऱ्याने काही गोष्टी ध्यानी धराव्यात. जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव कुलाबा आढळेल. रायगड हे नाव 1981 सालचे. केवळ आडनावावर विसंबू नये. गाव व पित्याचे नाव ठाऊक असावे. पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायली आडनावे तर गावांवरूनच पडली. आणि जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक अनेकदा मोडीत लिहिलेले असते.

खरी अडचण येथेच आहे. हा शोध केवळ हौसेचा नव्हे; जातीच्या दाखल्यासाठी, पर्यायाने प्रवेशासाठी, विद्यार्थ्याला पूर्वजांची नोंद लागते. 2023 साली कुणबी नोंदी धुंडाळताना खुद्द शासनालाच मोडी जाणकारांची मदत घ्यावी लागली. मग शेतमजुराच्या मुलाने वाचक कोठून आणावा? प्रत्येक तहसील कचेरीत ठरावीक दिवशी, माफक शुल्कात मोडी वाचक उपलब्ध करणे, हाच यावरील उपाय होय. वाचता न येणारे दप्तर म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरीच!