विश्लेषण : हेलिकॉप्टरचा टेल रोटर निकामी झाला तर? मुंबईसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर होणारी पुष्पवृष्टी असो, ३ मे २०२० रोजी परळच्या केईएम रुग्णालयावर करोनायोद्ध्यांसाठी झालेला फुलांचा वर्षाव असो किंवा गेटवे ऑफ इंडियासमोर नौदल दिनानिमित्त होणारी प्रात्यक्षिके. मुंबईकरांना हेलिकॉप्टर जवळून दिसते ते कमी उंचीवर आणि कमी वेगात. टेल रोटर, म्हणजेच शेपटीवरचा छोटा पंखा, निकामी होण्यासाठी हीच सर्वांत वाईट स्थिती मानली जाते. या बिघाडाचा सराव खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पूर्णपणे करता येत नाही, हा हेलिकॉप्टर प्रशिक्षणातील मोठा पेच आहे.

टेल रोटरचे काम काय?

हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा मुख्य रोटर एका दिशेने फिरतो, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. शेपटीच्या टोकाला बसवलेला उभा पंखा आडवा जोर लावून हे फिरणे रोखतो. वैमानिक दोन्ही पायांखालच्या पेडलने या पंख्याच्या पात्यांचा कोन कमी-जास्त करतो आणि हेलिकॉप्टरचे नाक हव्या त्या दिशेला ठेवतो.

मुख्य रोटर फिरण्याची दिशा सर्व हेलिकॉप्टरांत सारखी नसते. अमेरिकी बनावटीच्या बेल, रॉबिन्सन किंवा इटालियन एडब्ल्यू १३९मध्ये तो वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मूळ फ्रेंच आराखड्याच्या चेतक, चीता किंवा डॉफिनमध्ये घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे शेपटीचा जोर गेला, तर पहिल्या प्रकारात नाक उजवीकडे वळते, दुसऱ्या प्रकारात डावीकडे. एका प्रकारावर शिकून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकाला पायांची सवयच बदलावी लागते.

बिघाड कशा प्रकारचे असतात?

पहिला प्रकार म्हणजे पंख्याला मिळणारी ताकदच तुटणे. इंजिनाची ताकद शेपटीच्या आतून जाणाऱ्या लांब शाफ्टमधून आणि गिअरबॉक्समधून पंख्यापर्यंत पोहोचते. ही साखळी कुठेही तुटली की पंखा निरुपयोगी होतो. दुसऱ्या प्रकारात पंखा फिरत राहतो, मात्र पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा अडकते किंवा सुटते. तिसरा प्रकार बाहेरून येतो : पक्षी, तार, कापड, दोर असे काही पंख्यात अडकणे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी अरुणाचल प्रदेशात तवांगजवळ हवाई दलाचे एमआय-१७ कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. सामान खाली टाकताना त्याचे पॅराशूट टेल रोटरमध्ये अडकले होते.

काही वेळा टेल रोटर पूर्ण सुस्थितीत असूनही कमी वेगात, विशिष्ट दिशेच्या वाऱ्यात तो अपुरा पडतो आणि हेलिकॉप्टर अचानक गिरकी घेते. हा यांत्रिक बिघाड नव्हे. बातम्यांत मात्र दोन्हींना सर्रास ‘टेल रोटर फेल’ म्हटले जाते. उपाय वेगळे असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो. एकावर उत्तर देखभालीत आहे, दुसऱ्यावर प्रामुख्याने वैमानिकाच्या प्रशिक्षणात.

उंची आणि वेगाला इतके महत्त्व का?

पुढे वेग असेल, तर शेपटीवरचा उभा पडदा वातकुक्कुटासारखा काम करतो आणि हेलिकॉप्टर बऱ्यापैकी सरळ राहते. एका जागी तरंगताना हा आधार मिळत नाही. शिवाय तेव्हा इंजिनाची ताकद जास्त लागत असल्याने सांगाडा उलटा फिरवणारा जोरही मोठा असतो. अशा वेळी इंजिनाची ताकद तोडून, वाऱ्याने फिरत राहणाऱ्या मुख्य रोटरच्या आधारे भिरभिऱ्यासारखे खाली उतरणे एवढाच मार्ग उरतो. जमीन हाताशी असेल, तर आदळूनही जीव वाचू शकतो. पुरेशी उंची असेल, तर उतरण्याची तयारी करता येते. इमारतींच्या उंचीवर तरंगताना मात्र यांपैकी काहीच हाताशी नसते.

दोन घटनांमधून हे स्पष्ट होते. ३ जुलै २०१० रोजी हाँगकाँगमध्ये एडब्ल्यू १३९ हेलिकॉप्टरच्या टेल रोटरचे पाते उड्डाणानंतर लगेचच तुटले. खाली व्हिक्टोरिया बंदराचे पाणी होते. वैमानिकांनी हेलिकॉप्टर पाण्यावर उतरवले आणि सर्व १३ जण वाचले. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे फुटबॉल मैदानातून सरळ वर चढणाऱ्या एडब्ल्यू १६९च्या टेल रोटरमधील बेअरिंग अडकले आणि पेडलचा पात्यांशी असलेला संबंध सुटला. लेस्टर सिटी क्लबचे मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांच्यासह पाचही जण मृत्युमुखी पडले. ब्रिटिश तपास यंत्रणेने २०२३च्या अहवालात वैमानिकाला दोष दिला नाही. बिघाड त्या क्षणी आवाक्याबाहेरचा होता.

प्रशिक्षणातील अडचण कोणती?

इंजिन बंद पडण्याचा सराव इंजिनाची ताकद कमी करून हवेत करता येतो. टेल रोटर मात्र सरावासाठी हवेत बंद करता येत नाही. त्यामुळे प्रशिक्षक पेडल एका जागी धरून ठेवायला लावतो आणि विद्यार्थी वेग व इंजिनाची ताकद यांचा मेळ घालत, विमानासारखा पुढे सरकत धावपट्टीवर उतरतो. हा सराव उपयुक्त असला, तरी तो पात्यांचा कोन अडकण्यापुरताच आहे. पहिल्या गिरकीत बसणारा धक्का आणि निर्णयासाठी मिळणारे दोन-तीन सेकंद त्यातून कळत नाहीत.

सरावाचाही धोका असतोच. इंजिनाविना उतरण्याच्या सरावात जमिनीजवळ नाक वर करून वेग मारावा लागतो. तो अंदाज चुकला, तर आधी शेपटी जमिनीला लागते आणि टेल रोटर तुटतो. अशा अपघातात तुटलेला टेल रोटर हे कारण नसून परिणाम असतो. शिवाय प्रशिक्षणातील प्रत्येक अपघात टेल रोटरशी संबंधित नसतो. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रात रात्रीच्या लँडिंगचा सराव करताना पवन हंसचे डॉफिन कोसळून दोन्ही वैमानिक दगावले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ सराव उड्डाणात कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तिथे मुख्य रोटरच्या नियंत्रणातील स्वॉशप्लेट तुटल्याचे आढळले.

टेल रोटर गेल्याचा पूर्ण अनुभव देणारे सुरक्षित साधन म्हणजे सिम्युलेटर. बेंगळूरु येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांच्या संयुक्त उपक्रमात ‘ध्रुव’, डॉफिन आणि बेल ४१२ यांची सिम्युलेटर आहेत. देशात उडणाऱ्या हेलिकॉप्टरांचे प्रकार याहून बरेच जास्त आहेत. ज्या प्रकाराचे सिम्युलेटर जवळ नाही, त्याच्या वैमानिकाला परदेशात पाठवण्याचा खर्च कंपनीला करावा लागतो.

दोन इंजिने असली की धोका टळतो का?

अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या प्रवासासाठी दोन इंजिने आणि दोन वैमानिक असावेत, असा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे. पण दुसरे इंजिन पहिल्या इंजिनाला पर्याय असते, टेल रोटरला नव्हे. शेपटीकडे जाणारा शाफ्ट, शेवटचा गिअरबॉक्स आणि पंखा हे दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरमध्येही एकेकच असतात. हाँगकाँग आणि लेस्टर येथील दोन्ही हेलिकॉप्टर दोन इंजिनांचीच होती. नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांत मात्र एकावर एक, उलटसुलट फिरणारे दोन मुख्य रोटर असल्याने टेल रोटरची गरजच पडत नाही.

दक्षिण आणि मध्य मुंबईत काय स्थिती?

कुलाब्याला नौदलाचा ‘आयएनएस शिक्रा’ हा हेलिकॉप्टर तळ आहे. मलबार हिलला राजभवन आणि महालक्ष्मीला रेसकोर्स येथेही हेलिकॉप्टर उतरतात. त्यांच्या आसपास गिरगाव, परळ, लालबागची दाट वस्ती आहे. गिरण्यांच्या जमिनीवर आता उंच टॉवर उभे राहिले आहेत. हेलिकॉप्टरला लागणारी मोकळी जागा जमिनीवर आणि हवेतही कमी होत आहे. रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे आली आहे. तिथे काय बांधायचे आणि काय मोकळे ठेवायचे, हे ठरवताना आपत्कालीन लँडिंगचाही विचार व्हायला हवा.

जमेची बाजू म्हणजे मुंबईचा समुद्र. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या ‘ध्रुव’ची ताकद आणि उंची अचानक कमी झाली, तेव्हा वैमानिकांनी ते मुंबईच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर उतरवले आणि तिघेही वाचले. कारण टेल रोटरचे नव्हते, पण धडा हाँगकाँगचाच आहे : खाली माणसे नसतील, तर बिघाडाचे रूपांतर मोठ्या जीवितहानीत होण्याची शक्यता कमी होते.

मग उपाय काय?

पहिला उपाय देखभालीचा. बेअरिंग, शाफ्ट आणि गिअरबॉक्स तुटण्याआधी अनेकदा कंपनांतून किंवा तेलातील धातूच्या कणांतून इशारा देतात. ही कंपने सतत नोंदवणारी यंत्रणा उपलब्ध आहे. दुसरा उपाय मार्गाचा. चढणे-उतरणे शक्य तितके समुद्रावरून झाले आणि वस्तीवर एका जागी तरंगणे टाळले, तर धोका बराच कमी होतो. तिसरा उपाय निर्णयाचा. पेडल अडकले असेल, तर जवळच्या छोट्या हेलिपॅडकडे वळण्याचा मोह टाळून जुहूसारख्या लांब धावपट्टीकडे जाणे श्रेयस्कर. वैमानिकाला हे आधीच ठाऊक हवे आणि हवाई वाहतूक नियंत्रकालाही.

चौथा उपाय आयोजकांच्या हातात आहे. २६/११च्या हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरवण्यासाठी हेलिकॉप्टर इमारतींवर तरंगले, तेव्हा तो धोका पत्करणे भाग होते. पुष्पवृष्टीला तशी निकड नसते. ती करायचीच असेल, तर गर्दीच्या डोक्यावर थांबण्याऐवजी पुढे वेग ठेवून, शक्यतो समुद्राच्या बाजूने करता येते. फुलांची रिकामी पोती, दोर आणि कापड आत घट्ट बांधलेले हवे. उघड्या दारातून निसटलेले एखादे पोते टेल रोटरपर्यंत पोहोचायला एक क्षणही पुरतो.