समुद्राची हवामानवार्ता आणि शेतकऱ्याचे खळे

समुद्राचे हवामान हा कोळ्यांचा व खलाशांचा विषय, शेतकऱ्यास त्याचे काय, अशी समजूत आपल्यात अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. बांधावरचा माणूस आकाश पाहतो, वारा पाहतो, नक्षत्र कोणते व त्याचे वाहन कोणते हे पंचांगात पाहतो. परंतु ज्या समुद्रात त्याचा पाऊस जन्मास येतो त्याची वार्ता मात्र वाचीत नाही. समुद्राची हवामानवार्ता ही बाजारभावाइतकीच शेतकऱ्याने नित्य वाचण्याची बाब आहे, व ती गावोगाव पोचविणे हे आपल्या संघासारख्या संस्थांचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तुतः हवामान खात्याच्या जन्मातच ही गोष्ट दिसून येते. सन १८६४ मध्ये कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळाचा तडाखा बसला. पुढे १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. या आपत्तींनंतर १८७५ साली हे खाते स्थापन झाले. म्हणजे दर्यावरचे तुफान आणि शेतावरचे अवर्षण या दोहोंच्या पोटी ते जन्मले. आपण मात्र त्याचा एकच कान धरला आणि दुसरा सोडून दिला.

वादळ होते कसे, हे थोडक्यात सांगतो. समुद्राचे पाणी पृष्ठभागावर व खाली काही खोलीपर्यंत सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक तापले म्हणजे त्यावरील दमट हवा वर चढू लागते, दाब घटतो, व पृथ्वीच्या फिरण्यामुळे भोवतालचा वारा चक्राकार आत ओढला जातो. ऐन पावसाळ्यात वरच्या व खालच्या थरांतील वारे परस्परविरुद्ध वाहतात, त्यामुळे या चक्रास सहसा पूर्ण जोर धरता येत नाही. म्हणून आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचे मोसम दोन: एप्रिल ते जून, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आता वाचकांनी आपले पीकपाण्याचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे. पहिल्या मोसमात आंबा उतरावयाचा व पेरणीची तयारी करावयाची असते. दुसऱ्यात भात कापावयाचे, सोयाबीन मळावयाचे, द्राक्षबागांची छाटणी उरकावयाची असते. खलाशाचे जे धोक्याचे दिवस तेच शेतकऱ्याच्या पदरात माप पडण्याचे दिवस होत. शिवाय पूर्वी शांत गणला गेलेला अरबी समुद्र अलीकडे अधिक तापू लागला आहे, व त्यातील वादळांची संख्या व जोर वाढल्याचे शास्त्रज्ञ सांगत आहेत.

वादळ किनाऱ्यास लागले तरच नुकसान होते, हाही एक भ्रम आहे. सन २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे महाचक्रीवादळ झाले. कोकणच्या बाजूने सरकत येऊन ते पश्चिमेस वळले व दूर सोमालियाकडे जाऊन विरले. त्याच्या पाठीवर ‘महा’ नावाचे दुसरे उठले, तेही गुजराथच्या किनाऱ्याजवळ येता येता मंदावले. दोहोंपैकी एकानेही महाराष्ट्राच्या भूमीस स्पर्श केला नाही. तथापि त्या दिवसांतील अवकाळी पावसाने कापून पसरलेल्या भातास शेतातच मोड आले, आणि घाटावर सोयाबीन व द्राक्षे यांची दैना झाली. विदर्भातील बांधवांनीही समुद्र आपणापासून दूर आहे असे मानू नये. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओरिसा व छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे येतात, व त्यांच्याच मार्गावर विदर्भाचा मोठा पाऊस अवलंबून असतो.

आता ही वार्ता वाचावी कशी? तीत प्रथम वाऱ्याची पायरी पाहावी. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असता त्यास ‘डिप्रेशन’ म्हणतात, ५० ते ६१ असता ‘डीप डिप्रेशन’; ६२ पासून पुढे चक्रीवादळ, व ८९ पासून तीव्र चक्रीवादळ. परंतु ही प्रतवारी वाऱ्याची आहे, पावसाची नव्हे. जहाजास वारा बुडवितो, खळ्यास पाऊस. एखादे साधे डिप्रेशनही रेंगाळले तर धावत्या चक्रीवादळाहून अधिक पाऊस पाडून जाते. म्हणून ‘चक्रीवादळ’ हा शब्द कानी पडेपर्यंत शेतकऱ्याने थांबू नये. दुसरी गोष्ट, समुद्राचा भाग पाहावा. ‘पूर्वमध्य अरबी समुद्र’ म्हणजे कोकण, गोवा व कर्नाटकासमोरील पाणी. ‘पश्चिममध्य’ म्हणजे तिकडे अरबस्तानाच्या बाजूचे. पहिले नाव दिसताच सावध व्हावे. बंदरावरील बावट्यांतही असाच भेद आहे. एक व दोन नंबरचा बावटा दूरच्या धोक्याचा, तीन नंबरपासून धोका त्या बंदराशी येऊन पोचतो. ऑक्टोबरात कोकणासमोरच्या समुद्रात मासेमारीस जाऊ नये असा इशारा निघाला, तर तो भात कापून पसरणाऱ्यासही आहे असे समजावे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अंदाज खोटे ठरतात. याचे उत्तर आकड्यांनीच देणे बरे. सन १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली; त्याच किनाऱ्यावर २०१३ साली ‘फायलिन’ आले, तेव्हा लाखो लोक आधीच हलविले गेले व मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. चोवीस तास आधी वर्तविलेल्या स्थानात आता सरासरी शंभर किलोमीटरपेक्षाही कमी चूक राहते. मात्र अलिबाग व श्रीवर्धन यांमधील अंतरही इतक्या चुकीत मावते, हे ध्यानी ठेवावे. नकाशावरील रेषा आपल्या गावावरून गेली नाही म्हणून निश्चिंत राहणे, आणि इशारा देऊनही वादळ शेजारच्या तालुक्यात गेले म्हणून खात्यास लबाड म्हणणे, दोन्ही सारखीच अविचाराची आहेत.

अंदाजाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले व श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या पिढीजात बागा आडव्या झाल्या. उभे झाड कोणत्याही इशाऱ्याने वाचत नाही. परंतु कापलेले धान्य, उतरण्याजोगा आंबा, बियाणे, गुरे, पाण्याचा पंप या सर्व वस्तू हलविण्यासारख्या असतात. तेथे दोन दिवसांची आगाऊ सूचना म्हणजे रोख पैसाच होय. ‘निसर्ग’ सोमवारी डिप्रेशन होते आणि बुधवारी किनाऱ्यावर आले. शेतकऱ्यांसाठी निघणारे कृषिहवामान पत्रक आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी निघते. ते उपयुक्त असले तरी अशा घाईच्या प्रसंगी समुद्राच्या रोजच्या वार्तेची जागा घेऊ शकत नाही.

महसूल खात्यात कारकुनी करताना माझ्या हाताखालून पंचनाम्याचे पुष्कळ कागद गेले. पंचनाम्यात झालेली हानी लिहिता येते. टळलेली हानी लिहिण्यास त्यात रकाना नसतो. म्हणूनच सरकारचे व आपलेही सारे लक्ष नुकसानभरपाईकडे लागते आणि नुकसान टाळण्याच्या उपायांस कोणी वाली राहत नाही. भरपाई येते ती उशिरा येते, आणि मोड आलेल्या भाताचे तांदूळ करून देत नाही.

तरी संघाच्या प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी कराव्या, अशी माझी सूचना आहे. एक, वर सांगितलेल्या सहा महिन्यांत कचेरीबाहेरील फळ्यावर रोज चार ओळी लिहाव्या: क्षेत्र समुद्राच्या कोणत्या भागात आहे, कोणत्या पायरीचे आहे, कोणीकडे सरकत आहे, आणि आपल्या भागात पाऊस किती तासांत संभवतो. दोन, हे काम एका जबाबदार सभासदाकडे असावे. त्याने केवळ हवामान खात्याचीच वार्ता घ्यावी व तिची वेळ नमूद करावी. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या निनावी मजकुरास फळ्यावर जागा देऊ नये. तीन, संघाने ताडपत्र्या विकत घेऊन कापणीच्या दिवसांत सभासदांस अल्प भाड्याने द्याव्या. चार, एक वही ठेवून अंदाज काय होता व प्रत्यक्षात काय घडले हे समोरासमोर लिहावे. तीन वर्षांनी ती वहीच सांगेल की आपल्या गावापुरता किती भरवसा ठेवावा. आणि खात्याकडे काही मागणे करावयाचे झाल्यास हाती पुरावा राहील.

खडूचा एक तुकडा, एक वही व काही ताडपत्र्या, एवढाच हा खर्च. शाखांच्या चालकांनी पुढील सभेत हा विषय अवश्य घ्यावा व भातकापणीपूर्वी फळा लावावा, अशी त्यांस आग्रहाची विनंती आहे.