रोखीच्या बाजूने

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार गावात आले, सावरकर प्रतिष्ठानने पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. कॅमेरे आले, फोटो निघाले. नंतर रेंज दगा देऊ लागली, यंत्रं रुसली, व्यवहारावरचा आकार दुकानदाराने सोसायचा की गिऱ्हाइकाने यावर कुरबुरी झाल्या, आणि बाजार पुष्कळसा रोखीवर परतला. पत्रकारांनी ही एका सरकारी हौसेच्या फजितीची गोष्ट म्हणून लिहिली. मला मात्र त्यात धसईकरांचं शहाणपण दिसतं. कसं, ते सांगायला थोडं लांब, वॉशिंग्टनपर्यंत जावं लागेल.

अमेरिकी सरकारची परदेशांना मदत वाटणारी तेव्हाची संस्था, यूएसएड, हिने ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे नोटाबंदीच्या तोंडावर, भारताच्या अर्थखात्याच्या जोडीने 'कॅटलिस्ट' नावाचा रोकडविरहित व्यवहारांचा उपक्रम जाहीर केला. त्याआधी २०१५ मध्ये भारत 'बेटर दॅन कॅश अलायन्स'मध्ये सामील झाला होता. या आघाडीच्या तेव्हाच्या पाठीराख्यांत यूएसएड, गेट्स प्रतिष्ठान, व्हिसा आणि मास्टरकार्ड ही नावं एकत्र दिसत. यावरून नोटाबंदी अमेरिकेने घडवून आणली असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. तो निर्णय दिल्लीचा होता आणि त्याची जबाबदारीही दिल्लीचीच. पण कट नसला तरी हितसंबंध असतात. ज्यांचा धंदा प्रत्येक व्यवहाराची नोंद होण्यावर चालतो आणि ज्यांची सत्ता त्या नोंदी पाहण्यावर चालते, त्या दोघांनाही कातकरणीने शेवळांची जुडी रोखीत विकावी हे परवडत नाही.

नोंदी पाहण्याचा मामला किती मोठा आहे, हे जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनमुळे कळलं. त्याने बाहेर काढलेल्या कागदांनुसार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, एकट्या मार्च २०१३ मध्ये भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा केल्या होत्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त यांच्या खालोखाल आपला नंबर पाचवा. आपण त्या वेळी कुणाशी युद्ध करत नव्हतो, अमेरिकेशी तर मुळीच नाही. उलट आपल्याला 'स्वाभाविक मित्र' म्हटलं जात होतं. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी तर ही काही खरी हेरगिरी नव्हे, असा अमेरिकेचाच बचाव केला. पुढच्या वर्षी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं की २०१० मध्ये ज्या परदेशी संघटनांवर पाळत ठेवायची परवानगी एनएसएला मिळाली होती, त्यांत भारतीय जनता पक्षाचंही नाव होतं. आता पक्ष सत्तेत होता. दिल्लीतल्या अमेरिकी अधिकाऱ्याला बोलावून खडसावलं गेलं, आणि मग तो विषय फायलीत गेला. दोन्ही पक्षांची भूमिका सारखीच: मोठ्या माणसाने घरात डोकावलं तर पडदा आपणच नीट करायचा.

अमेरिकी कायद्यात याला आडकाठी का नाही? कारण त्या कायद्याचं संरक्षण प्रामुख्याने अमेरिकी माणसाला आहे. 'फिसा' कायद्याचं ७०२ वं कलम २००८ मध्ये आलं. अमेरिकेबाहेरच्या परक्या माणसाचा संवाद अमेरिकी कंपन्यांकडून मिळवायला त्यात प्रत्येक व्यक्तीमागे वेगळं वॉरंट लागत नाही. २०२४ मध्ये या कलमाची मुदत वाढवताना कोणत्या कंपन्यांना ते लागू होईल याची व्याख्या आणखी ऐसपैस केली गेली. २०१८ च्या 'क्लाउड' कायद्याने तर अमेरिकी कंपनीचा डेटासाठा कुठल्याही देशातल्या यंत्रावर असो, मागणी कायदेशीर असेल तर तो द्यावा लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो निकाल दिल्लीला बांधतो, वॉशिंग्टनला नाही.

आता यूपीआयकडे पाहा. व्यवस्था आपली, रुपया आपला, कौतुकही रास्त. पण त्यावरच्या दर पाच व्यवहारांतले साधारण चार दोन कंपन्यांच्या ॲपवरून होतात: फोनपे, जिच्यात बहुसंख्य मालकी वॉलमार्टची, आणि गुगल पे. एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये हा नियम २०२० मध्येच ठरला. त्याची मुदत पुढे पुढे ढकलली जाते आहे. व्यवहाराचा डेटा भारतातच ठेवा असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं. ते पाळलं नाही म्हणून जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवी कार्डं द्यायला बंदी केली, ती पुढच्या वर्षी उठली. या बाबतीत रिझर्व्ह बँकेची पाठ थोपटायला हवी. आपल्या राजकारण्यांपेक्षा तिचा कणा ताठ निघाला.

कुणी म्हणेल, धसईतल्या दुकानदाराने तांदूळ किती विकला याच्याशी सीआयएला काय करायचंय? आज काही नाही. पण नोंदींचा उपयोग कसा होतो हे मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत सांगून टाकलं. हे गृहस्थ एनएसए आणि सीआयए या दोन्हींचे माजी प्रमुख. कोण कुणाशी कधी बोललं एवढ्या नोंदींवरून आम्ही माणसं मारतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पाकिस्तानच्या सरहद्दीवर आणि येमेनमध्ये ड्रोनने मेलेल्यांत वऱ्हाडी होते, शेतकरी होते, पोरं होती. हे ज्या दहशतवादविरोधी युद्धाच्या नावाखाली चाललं, त्याला संमती देणारा ठराव सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात आला तेव्हा ४२० विरुद्ध १ असं मतदान झालं. ते एक मत बार्बरा ली यांचं. त्यांना धमक्या आल्या. वीस वर्षांनी अफगाणिस्तानातून माघार घेताना मात्र त्यांचं म्हणणं खरं वाटू लागलं. अमेरिकेवर टीका करताना मी नेहमी आठवतो की तिचे सर्वांत कडवे टीकाकार तिथलेच आहेत.

पाळत हा या हत्याराचा एक भाग झाला. दुसरा म्हणजे गळा आवळणं. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. युक्रेनवरचं आक्रमण निषेधार्हच आहे, पण या बंदीचा फटका बसलेल्या साध्या माणसाने रणगाडे पाठवले नव्हते. त्याहून बोलका दाखला निकोला गियू यांचा. हे फ्रेंच न्यायाधीश हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात बसतात. इस्रायलचे नेते नेतान्याहू यांच्या अटक वॉरंटाच्या प्रकरणावरून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर अमेरिकी कंपन्यांची त्यांची खाती बंद झाली, कार्डं चालेनाशी झाली. त्यांनी काही चोरलं नव्हतं. न्यायाधीशाचं काम केलं होतं. युरोपात, स्वतःच्या खंडात, एका न्यायाधीशाची ही गत. आपलं काय घेऊन बसलात?

मुरबाडकरांना हा धडा नवा नाही. याच तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईचा वीजपुरवठा तोडायला त्यांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत होता, कारण जनतेला न विचारता साम्राज्याने आपल्याला परक्या युद्धात ओढलं होतं. दस्ता महिनोन्महिने जंगलात टिकला. गावपाड्यांवरून भाकऱ्या येत होत्या, त्यांची कुठे नोंद नव्हती. शेवटी सरकारला फितुरीच लागली. आज फितूर शोधायची तसदीही नको. कोणत्या पाड्यावर नेहमीपेक्षा जास्त पीठमीठ खरेदी झालं, हे यंत्र सांगेल.

आणि ही यंत्रं फक्त अमेरिकेचीच थोडी आहेत? भीमा-कोरेगाव प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कागद घुसवले गेले, असा निष्कर्ष फेब्रुवारी २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंगने काढला. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात तर सरकारी यंत्रणांना सूट द्यायची तरतूद कलम १७ मध्ये आधीच करून ठेवली आहे. गुरू अमेरिका, शिष्य हुशार.

मी यूपीआय बंद करा म्हणत नाही. भिवंडीत काम करणाऱ्या पोराने आईला दोन मिनिटांत पैसे पाठवावेत, यात वाईट काय? पण दुसरा रस्ता उघडा राहिला पाहिजे. वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या कातकऱ्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणून त्याला खिडकीवरून परत पाठवलं जाता कामा नये. आणि ज्याच्याकडे फोन आहे, त्यालाही आपली खरेदी कुणाच्या वहीत न लिहिण्याची मुभा हवी.

म्हणून मुरबाड आणि शहापूरच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे. येत्या सभेत दोन ओळींचा ठराव करा: घरपट्टी, पाणीपट्टी, दाखल्याचं शुल्क आणि रेशनचे पैसे रोखीने घ्यायला कुणीही नकार देणार नाही. आणि मत मागायला येणाऱ्या खासदाराला एवढंच विचारा, की त्या दोन ॲपवरची ३० टक्क्यांची मर्यादा लागू कधी होणार? तारीख मागा, आश्वासन नको.