ट्रॉलीतली माणसे म्हणजे सामान नव्हे

दसरा-दिवाळी उरकली की उमरखेड, महागाव, पुसद या तालुक्यांतल्या तांड्यांवरून आणि वस्त्यांवरून ट्रॅक्टर निघतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत खाली कोपीचे बांबू, ताडपत्री, ज्वारीची पोती, पाण्याची टिपाडे. त्यावर भांडी. भांड्यांवर गोधड्या आणि गोधड्यांवर माणसे. कुणाच्या मांडीवर तान्हे पोर, कुणाच्या हातात शेळीचे दावे. आमच्या ढाणकीवरूनही असे ट्रॅक्टर जातात. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून बघतो, "चालले ऊसतोडीला" असे म्हणतो आणि चहाकडे वळतो.

ऊसतोड कामगारांच्या हालअपेष्टांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. उचल, मुकादम, कोयता, कोपी हे शब्द वाचकांना माहीत आहेत. मला मात्र आज एकाच दिवसाबद्दल लिहायचे आहे. तो म्हणजे मुक्काम हलवण्याचा दिवस. गावाहून फडावर जाण्याचा, एका फडावरचा ऊस संपला की कोपी मोडून दुसऱ्या गावच्या तळावर जाण्याचा आणि हंगाम संपल्यावर परत येण्याचा. हा दिवस कुणाच्याच हिशेबात नसतो आणि सगळ्यात जास्त धोका याच दिवशी असतो.

आधी मजुरीचे बघू. ऊसतोडीची मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे स्वागतच आहे. पण दर कितीही वाढला तरी ज्या दिवशी ऊस तुटत नाही त्या दिवशी मजुरी शून्य. ट्रॅक्टरने तीनशे-चारशे किलोमीटर जायचे तर एक दिवस आणि एक रात्र सहज जाते, कारण भरल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे फारसा पळत नाही. पोहोचल्यावर जागा साफ करायची, कोपी उभी करायची, पाणी शोधायचे. हंगामात दोन-तीनदा तळ हलला की पुन्हा तेच. बाईसाठी तर हा दिवस दुप्पट कष्टाचा असतो. मोडणे तिच्याकडे, बांधणे तिच्याकडे आणि रात्री चूल पेटवणेही तिच्याकडेच. हे सगळे काम आहे. कारखान्याला ऊस मिळावा म्हणूनच ते केले जाते. पण हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नाही.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रॅक्टरची व्याख्या आहे. स्वतःवर भार वाहून नेण्यासाठी न बनवलेले वाहन, असा तिचा अर्थ. भार वाहायचा तो मागच्या ट्रॉलीने आणि तोही मालाचा. माणसांची वाहतूक करणे हे तिचे काम नाही. नियम बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. ट्रॉली उलटली की विमा कंपनी कोर्टात सांगते की मालवाहू वाहनात बसलेली माणसे पॉलिसीत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात हेच सांगितले की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मग वकील भांडत बसतात की ट्रॉलीतली बाई मजूर होती, मालाची मालकीण होती की फुकटची प्रवासी होती. तिची भांडीकुंडी माल ठरू शकतात. ती स्वतः कोण, हे ठरायला वर्षे लागतात.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गात शब्दांचे अर्थ सांगताना मी मुलांना नेहमी म्हणतो की मुसाफिर आणि सामान हे दोन्ही शब्द प्रवासाचेच, पण एकाला हक्क असतात आणि दुसऱ्याला नसतात. मुसाफिराला तिकीट असते, जागा असते, उशीर झाला तर विचारण्याचा अधिकार असतो. आपल्याकडे तर मुसाफिराला पाणी पाजणे पुण्याचे मानले जाते. इस्लाममध्ये मुसाफिराला नमाज कमी करण्याची आणि रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, कारण प्रवास हा कष्ट आहे हे धर्माने मान्य केले आहे. ट्रॉलीतल्या माणसाला मात्र आपण मुसाफिराच्या रांगेतून काढून सामानाच्या रांगेत टाकले आहे.

कुणी म्हणेल, मग हे लोक एसटीने का जात नाहीत? मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. खरे आहे. पण सहा महिन्यांचा संसार एसटीत चढत नाही. शेळी चढत नाही, बांबू चढत नाहीत. संसार ट्रॉलीत आणि बाई एसटीत असे केले तर वाटेत काही हरवले, भिजले तर जबाबदार कोण? शिवाय तिकिटाचे पैसे उचलीतून जाणार आणि उचल आधीच फिटत नाही. म्हणून कुटुंब सामानावर बसते. त्यांना धोका कळत नाही असे नाही. दुसरा मार्ग स्वस्त नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप कारखान्यांचा. ते म्हणतात, मजूर आमचे नाहीत. आमचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. ही साखळी इतकी लांब आहे की ट्रॉलीच्या साखळीसारखी मध्येच कुठेही सुटते. पण कायद्याने एका ठिकाणी ही अडचण कधीच सोडवली होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ च्या कलम १५ मध्ये स्पष्ट म्हटले होते की कंत्राटदाराने मजुराला जाण्याचे आणि येण्याचे भाडे द्यावे, आणि प्रवासाच्या काळात तो कामावरच आहे असे समजून त्याची मजुरीही द्यावी. २०२० च्या नव्या श्रमसंहितेतही आंतरराज्य मजुराच्या येण्या-जाण्याच्या भाड्याची तरतूद आहे. आता गंमत बघा. उमरखेडचा मजूर बेळगावला गेला तर तो आंतरराज्य स्थलांतरित. तोच कोल्हापूरला गेला तर नाही. दोन्ही ठिकाणी ट्रॉली तीच, रात्र तीच, पोरेही तीच. राज्याची सीमा ओलांडली तर हक्क मिळतो आणि आपल्याच राज्यात राहिले तर मिळत नाही, हे कुठले शहाणपण?

साखरेसाठी मुक्काम हलवणारे लोक फक्त आपल्याकडेच नाहीत. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात बीटपासून साखर करतात. तिथला अमेरिकन क्रिस्टल शुगर हा कारखाना १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकाराचा आहे, म्हणजे आपल्याला ओळखीचाच प्रकार. ऑक्टोबरात बीट काढणी सुरू झाली की देशभरातून लोक गाडीला घर जोडून तिथे येतात. त्यांत निवृत्त झालेली, पेन्शन न पुरणारी म्हातारी माणसेही असतात. २०२१ साली ऑस्कर मिळालेल्या 'नोमॅडलँड' या सिनेमात हे जग दिसते. त्यांचे काम सोपे नाही, बारा-बारा तासांची पाळी असते. पण त्यांच्या तळाचे भाडे कारखान्याकडून भरले जाते. तळावर पाणी आणि वीज असते. आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला मनाई आहे. माणूस पुढच्या गाडीत पट्टा लावून बसतो, मागे फक्त घर येते. अमेरिका फार श्रीमंत आहे म्हणून असे होते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. माणूस आणि सामान वेगळे ठेवण्याला श्रीमंती लागत नाही. नियम लागतो आणि तो पाळून घेणारा लागतो.

खर्चाचा हिशेब मांडून बघू. दोन ट्रॉल्यांत साधारण वीस टन ऊस बसतो. रोज एक खेप आणि हंगाम शंभर दिवसांचा धरला तर एका टोळीने दोन हजार टन ऊस तोडला. समजा, त्या टोळीला बसने नेण्या-आणण्याला पन्नास हजार रुपये लागले. म्हणजे टनामागे पंचवीस रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली आहे, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. पंचवीस रुपये हा त्याचा एक टक्कासुद्धा नाही. आणि हे पैसे ऊस उत्पादकाच्या बिलातून कापावेत असे मी म्हणत नाही. तोडणी-वाहतुकीच्या करारात ही एक ओळ वाढवावी, साखरेच्या धंद्यात नफा घेणाऱ्यांनी ती उचलावी.

आमच्या समाजातल्या वाचकांनाही एक सांगायचे आहे. हा प्रश्न बंजारा बांधवांचा किंवा बीड जिल्ह्याचा, आपला काय संबंध, असे समजू नका. टायरची दुकाने कुणाची आहेत? ट्रॉलीचे वेल्डिंग कोण करते? स्टेअरिंगवर रात्रभर डोळे ताणून कोण बसते? त्यांत आपली पोरे आहेत. माझा एक जुना विद्यार्थी हंगामात ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "सर, उतारावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला असतो. मागे पोरं झोपलेली असतात आणि मला मागचं काहीच दिसत नाही." अपघात झाला की गुन्हा त्याच्यावर. सलग सोळा-सतरा तास गाडी चालवायला ज्यांनी लावले त्यांचे नाव फिर्यादीत येत नाही.

शिक्षक म्हणून मला त्या ट्रॉलीतल्या पोरांकडे दुर्लक्ष करता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम ५ सांगते की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हंगामी वसतिगृहे आहेत, साखर शाळांचे प्रयोग झाले, शिक्षण हमी कार्ड आले. पण हे सगळे मूल तळावर पोहोचले आहे असे धरून चालते. कुठल्या ट्रॉलीतून किती मुले कुठे गेली याची यादी निघण्याच्या दिवशी कुणाकडेच नसते. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मूल त्या मोजणीत नाही. २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारा पंतप्रधान सुरक्षा विमाही अठरा वर्षांपुढच्यांसाठीच आहे. म्हणजे ट्रॉलीतला सगळ्यात लहान प्रवासी मजुरीत नाही, विम्यात नाही आणि हजेरीपटावरही नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रवासाचा आणि तळ हलवण्याचा दिवस मजुरीचा दिवस धरावा. लांबच्या प्रवासाला माणसे बसने आणि सामान ट्रॉलीने जावे. तळ जवळच हलवायचा असेल तर तो दिवसाउजेडी हलवावा, प्रत्येक ट्रॉलीला मागे दिवा आणि रिफ्लेक्टर असावा, तो नसेल तर कारखान्याने त्या वाहनाची नोंदच करू नये. मजुराचा विमा फडावर नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून लागू व्हावा आणि त्यात मुलांची नावे असावीत. निघण्याच्या दिवशी मुलांची यादी गावच्या शाळेने करावी आणि ती पोहोचण्याच्या गावच्या शाळेला फोनवर कळवावी. शेवटचे काम तर आम्हा शिक्षकांचेच आहे, त्याला कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. उमरखेड तालुक्यातच, पोफाळीला, वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. याच भागातल्या पुसदने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, आणि ते दोघेही ज्या समाजातून आले त्या समाजाचे तांडे आजही दर वर्षी ट्रॉलीत बसून निघतात. साखर सहकाराने या महाराष्ट्रात शाळा काढल्या, कॉलेजे काढली, दवाखाने काढले. आता त्याच सहकाराने आपल्या मजुराला बसायला एक सीट द्यावी, एवढेच मागणे आहे.